गोधडीचं बिल

“आयुष्यभर हौस म्हणून केलं, आता या वयात त्याचे पैसे कसे मागू?” समुपदेशनाला येणाऱ्या निवृत्त बायकांकडून हे इतक्यांदा ऐकते की एकीची गोष्ट सांगतेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

या बाई सरकारी नोकरीतून 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या, लेखा विभागातल्या. गोधडी आजीकडून शिकलेल्या. जुन्या सुती लुगड्यांचे थर, त्यावर ओळीनं बारीक धावदोरा. नात्यातलं प्रत्येक बाळ त्यांच्याच गोधडीत वाढलं. आता विकायची इच्छा होती, पण किंमत सांगताना घसा कोरडा पडायचा. “वय झालं हो माझं,” म्हणायच्या.

दोन भेटी मी नुसता धीर देत राहिले. तो उपयोगाचा नव्हता. तिसऱ्या वेळी त्यांनीच आणलेली बाळगोधडी मी पुढ्यात ठेवली. “समजा, ही दुसऱ्या बाईनं शिवलीय. बिल तुमच्या टेबलावर आलंय. किती मंजूर कराल?”

त्यांनी चष्मा चढवला, गोधडी उलटून टाके पाहिले. “22 तास. तासाला 80 धरले तरी 1,760. दोरा, अस्तर 140. एकोणीसशे.”

“आणि तुम्ही किती सांगता?”

“पाचशे.” बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. “भेट दिली की सगळे कौतुकच करतात. किंमत सांगितली की कुणी नकोही म्हणेल.”

वय हे निमित्त होतं. चाळीस वर्षं त्यांच्या हातच्या वस्तूला कुणी नाही म्हटलंच नव्हतं! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मी मानते. तिच्यानुसार नकारापेक्षा ‘मला नकार येताच कामा नये’ हा हट्ट जास्त छळतो. बिलाचा तो प्रश्न मला त्या दिवशी सुचला, याचं आजही समाधान आहे.

तुमचंही असंच होत असेल, तर पहिली विक्री अनोळखी माणसाला करा. नातलगांशी भाव ठरवताना मायाच मध्ये येते. प्रत्येक वस्तूचे तास वहीत लिहा. ग्रॅच्युइटी मालात घालू नका, आधी चार नग विका. आणि एक गोधडी कायम स्वतःसाठी, बिनऑर्डरची, चालू ठेवा. ती थांबली तर हौस आटते.

डिसेंबरात त्यांनी एका प्रदर्शनात अर्धं टेबल घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, आवाज खणखणीत.

“मॅडम, एक बाई महाग म्हणून निघून गेली. मी घडी घातली आणि चहा मागवला.”