खुडूक कोंबडी उठतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, आमच्या परड्यात पाच गावठी कोंबड्या नि एक कोंबडा आहे. त्यातली तांबडी चार दिवस खुडूक बसलीये, हात नेला की पिसं फुलवून टोचते. सासूबाई म्हणतात अंडी ठेव, नवरा म्हणतो पाण्यात बुडव, लेकीला पिल्लं हवीत. कोणाचं ऐकू?

उत्तर : अगं पाण्यात अजिबात नको बुडवू, बिचारीचे हाल होतात. सासूबाईंचं ऐक. आठवड्याच्या आतली, न धुतलेली दहाबारा अंडी घे, तिच्या पंखाखाली मावतील तेवढीच, पाटीत पेंढा घालून रात्री अंधारात ठेव म्हणजे ती बिथरत नाही. रोज एकदा उठव, दाणापाणी खाऊ दे, पण लवकर परत बसायला हवी. आठव्या रात्री लेकीला घेऊन मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धर, आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला समज, मला तर अजूनही ते बघताना भरून येतं. नुसतं स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाक. 21व्या दिवसाच्या आसपास टवका पडलेला दिसेल, तेव्हा घाई करून कवच सोलू नका गं, रक्त येतं नि पिल्लू दगावतं, कधीकधी बाहेर यायला त्याला पूर्ण दिवसही लागतो.

आणि पिल्लं जन्मल्यावर सातव्या दिवशी त्यांच्या डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लसीचा थेंब घालायचा, मानमोडी आली तर सगळं खुराडं रिकामं होतं. लस बर्फातच आणायची हं, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेव.