शाळेच्या मैदानावर ७०-३०० लेन्सने मुलांच्या खेळाचे फोटो पुसट का येतात?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मुलगी अकरा वर्षांची आहे, शाळेच्या खो-खो संघात आहे आणि रविवारी नेरूळला फुटबॉल खेळते. निकॉन डी ५६०० आणि ७०-३०० लेन्स घेतली. फोटो पुसट येतात, चेहरा मिळतच नाही. लेन्स बदलून ७०-२०० एफ २.८ घेऊ का?’

आत्ता लेन्स बदलू नका. दिवसाच्या उजेडात तुमची लेन्स या कामाला पुरते. अडचण बहुतेक कॅमेऱ्याच्या मूळ सेटिंगमध्ये आणि तुम्ही उभं राहता त्या जागेत आहे, आणि दोन्ही बदलायला पैसे लागत नाहीत.

आधी बिघडलेले दहा फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघा. ‘पुसट’ हा एक दोष नाही, चार वेगळे दोष आहेत. बसलेल्या मुली आणि खांब स्वच्छ दिसतात, फक्त पळणारी फरफटलेली दिसते, तर शटरचा वेग कमी पडला. मागचं गवत किंवा कुंपण धारदार आणि मुलगी मऊ, तर फोकस मागे गेला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं, तर हात हलला. आणि लांबचं सगळं पाण्यात बघितल्यासारखं थरथरतं, तर तापलेल्या जमिनीवरची हवा मध्ये आली. या शेवटच्यावर कुठल्याच किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही, जवळ जाणं एवढाच उपाय.

शटरचा हिशोब समजला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. या वयाची मुलगी सेकंदाला पाच मीटर सहज पळते. १/२५० सेकंदात ती दोन सेंटीमीटर पुढे जाते. तीस मीटरवरून ३०० मिमीवर तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ते दोन सेंटीमीटर म्हणजे साधारण पन्नास पिक्सेलचा फराटा. १/१००० ला तो बारा-तेरावर येतो. हात आणि पाय धडापेक्षा वेगाने हलतात, म्हणून १/१००० ही खालची मर्यादा धरा, ऊन असेल तर १/१६०० किंवा १/२०००. लेन्समधलं व्हीआर तुमच्या हाताचं कंपन थांबवतं, मुलीचं पळणं नाही. त्याच्या भरवशावर शटर खाली आणू नका.

आता सेटिंग. डायल ‘ए’ वर ठेवा (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) आणि लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे एफ चा, आकडा सगळ्यात लहान. तुमची लेन्स एफ ४.५-६.३ असेल तर ३०० मिमीला तो ६.३ होईल, चालतं. मेनूत ऑटो आयएसओ (उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून संवेदनशीलता वाढवतो) चालू करा, कमीत कमी शटर १/१०००, जास्तीत जास्त आयएसओ ६४००. ऊन असेल तर आयएसओ १०० वरच राहतो किंवा थोडा वर जातो, संध्याकाळी आपोआप चढतो. आयएसओला घाबरू नका. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, फरफटलेल्या फोटोत येत नाही.

फोकस हे माझ्या मते तुमचं खरं दुखणं आहे. कॅमेरा नवीन घेतला की फोकस ‘एएफ-ए’ वर आणि क्षेत्र ‘ऑटो’ वर असतं, म्हणजे कशावर फोकस करायचा हे कॅमेरा ठरवतो. खो-खोत त्याला सगळ्यात जवळ दिसते ती पाटीवर बसलेली मुलगी, आणि तो तिलाच धरतो. ‘एएफ-सी’ (हलणाऱ्या मुलीवर सतत फोकस धरून ठेवणं) निवडा, क्षेत्र ‘डायनॅमिक ९ पॉइंट’. मधला पॉइंट मुलीच्या छातीवर ठेवा, चेहऱ्यावर नको. चेहरा लहान असतो आणि सतत हलतो, छातीवर गणवेशाचा क्रमांक आणि शिवण असते, फोकसला पकड मिळते. एई-एल/एएफ-एल बटणाला मेनूतून ‘एएफ-ऑन’ चं काम द्या. मग अंगठ्याने फोकस आणि तर्जनीने फक्त फोटो. चार-पाच दिवस बोटं गोंधळतील. सोसायटीत सायकल फिरवणाऱ्या पोरांवर रोज पंधरा मिनिटं सराव केला की अंगठा आपोआप जातो.

बर्स्टबद्दल, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्याबद्दल, एक गैरसमज असतो. डी ५६०० सेकंदाला पाच फोटो काढतो, म्हणजे दोन फोटोंमध्ये मुलगी एक मीटर पुढे गेलेली असते. बटण दाबून धरलं की क्षण सापडतो असं नाही, बऱ्याचदा तो नेमका दोन फोटोंच्या मध्ये निसटतो. क्षण ओळखून अर्धा सेकंद आधी दाबायचं आणि तीन-चार फोटोंत सोडायचं. सुरुवातीला जेपेग फाइन ठेवा. रॉ फाइल मोठी असते, तिने बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, लवकर भरतो आणि कॅमेरा ऐन वेळी अडकतो.

लेन्सची पोच किती, हेही मोजून घ्या. ३०० मिमीवर तीस मीटर अंतरावर तुमच्या चौकटीत सुमारे २.३५ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच एवढीच जागा मावते. १.४ मीटर उंचीची मुलगी आडव्या फोटोत जेमतेम बसते, उभ्या फोटोत छान बसते. साठ मीटरवर ती आडव्या चौकटीच्या निम्म्याहून कमी होते आणि शंभर मीटरवर पाव भाग. म्हणून पलीकडच्या गोलपाशी चाललेला खेळ सोडून द्यायचा, कितीही मोह झाला तरी. पंधरा ते पस्तीस मीटर हा तुमचा पट्टा. त्यात खेळ येईपर्यंत थांबायचं.

खो-खोसाठी एक जागा आहे जिथे निम्मं काम नियमच करून देतो. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की तिला मध्येच मागे वळता येत नाही. एक तर तिने खो द्यायचा किंवा खांबापर्यंत जायचं. मधली पाटीही तिला ओलांडता येत नाही. म्हणजे जी मुलगी तुमच्या बाजूच्या खांबाकडे निघाली ती खांबाशी येणार किंवा वाटेत खो देणार, तिसरं काही नाही. बचावातली खांबाला वळसा घालून निसटायला बघते आणि आक्रमणातली एका हाताने खांब धरून तिच्यावर आडवी सूर मारते. खांबाची उंची १२० ते १२५ सेंमी असते, त्यामुळे सूर मारणाऱ्या मुलीचं तोंड जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर येतं. तुमचा कॅमेराही तिथेच हवा. खांबामागच्या रेषेबाहेर आठ-दहा मीटर मागे, खांबाच्या सरळ रेषेत न बसता दोन-तीन मीटर बाजूला सरकून, एक गुडघा टेकून बसा. सरळ रेषेत बसलात तर खांब चेहऱ्यासमोर येतो.

इथे ३०० मिमी ठेवू नका. दहा मीटरवर ३०० ला चौकट पाऊण मीटर रुंद उरते, हात-पाय कापले जातात. १०० ते १३५ च्या आसपास आणा. फोकस खांबावर आधीच धरून ठेवा आणि दुसरा डोळा उघडा ठेवा, म्हणजे चौकटीत येण्याआधी कोण येतंय ते कळतं. तिचा हात खांबाकडे झेपावला की दाबा. खांब पकडल्यावर दाबलं तर सूर संपून मुलगी मातीत पडलेली मिळते. लाल मातीचं मैदान असेल तर दुपारच्या उन्हातही माती उजेड वर परतवते आणि खाली झुकलेल्या चेहऱ्यावर तो पडतो, काँक्रीटच्या आवारापेक्षा हे कितीतरी बरं.

फुटबॉलला गोलच्या बरोबर मागे बसू नका, जाळी मध्ये येते. गोलरेषेच्या मागे, कोपऱ्याच्या झेंड्यापासून आठ-दहा मीटर आत बसा, म्हणजे हल्ला करणाऱ्या मुली तोंडाने तुमच्याकडे येतात. चेहरा मिळत नाही ही तुमची तक्रार इथेच मिटते. तुमच्या मुलीचा संघ ज्या गोलवर चढाई करतोय त्या टोकाला बसायचं आणि हाफटाइमला बाजू बदलायची. बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका, बॉल तिच्याकडे येईल या हिशोबाने तिलाच धरून ठेवा. क्रिकेट असेल तर गोलंदाजाच्या हातामागे उभं राहू नका, फलंदाजाची नजर तिथेच असते.

उभ्याने काढलेल्या फोटोत मुलांची डोकी आणि मागे नुसती जमीन येते. खाली बसलात की पार्श्वभूमी लांब जाते आणि धूसर होते. बसण्याआधी मागे काय येतंय ते बघा: लावलेल्या बाइक, पाण्याचा टँकर, पांढरा मांडव. दोन मीटर सरकल्याने हे जातं. उंच गॅलरी असेल, जशी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमला आहे, तर शर्यतीत आखलेल्या ट्रॅकचीच पार्श्वभूमी मिळते, पण चेहऱ्यांसाठी खालीच यावं लागतं.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ किंवा दुपारी चारनंतरची. ठाणे आणि नवी मुंबईच्या मैदानांचा एक खास त्रास म्हणजे टॉवरची सावली. चारनंतर ती मैदानाच्या अर्ध्यावर येते आणि ऊन व सावली यांत दोन-तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतो. ऑटो आयएसओ ठेवण्याचं हे मोठं कारण, कारण मुलगी दोन सेकंदांत उन्हातून सावलीत जाते. एक बाजू निवडून तिथेच थांबलात तर आणखी चांगलं. पांढरा गणवेश गडद झाडीसमोर असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) -०.७ करा, नाहीतर शर्टाचा नुसता पांढरा डाग होतो. सूर्य मुलांच्या मागे असेल तर +१ द्या, उडालेली धूळ सोन्यासारखी दिसते आणि चेहराही काळा पडत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण साडेपाचपासूनच आयएसओ झपाट्याने चढतो.

मैदानावर लेन्स बदलू नका. सामना संपल्यावर आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मगच कापड लावा, नाहीतर मातीचे कण काचेवर घासले जातात. जून ते सप्टेंबर लेन्स कॅमेऱ्याच्या कापडी बॅगेत ठेवली तर आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि साधं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत.

जाण्याआधी प्रशिक्षकांना विचारून घ्या आणि कुठे बसणार ते सांगा. इतर मुलींचे फोटो त्यांच्या पालकांना जरूर पाठवा, पण पालकांना विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकू नका, शाळेचं नाव दिसत असेल तर मुळीच नको.

एफ २.८ लेन्सचं म्हणाल, तर ती ६.३ पेक्षा सव्वादोन स्टॉपहून जास्त उजेड देते, म्हणजे आयएसओ ६४०० च्या जागी १२५० च्या आसपास. फ्लडलाइटखालच्या सामन्यांना हा फरक मोठा आहे. सकाळच्या सामन्यांना जवळजवळ काहीच नाही, वर १०० मिमी पोच कमी होते आणि दीड किलोच्या आसपास वजन हातात येतं. मुलीचे सामने रात्रीचे व्हायला लागले तर आधी एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा, त्याच मैदानावर दोन्ही लेन्सनी काढून बघा आणि मग ठरवा.