खारवलेले बांगडे आणि जीवाणूंची जनुके

प्रश्न : आमच्याकडे बांगडे मीठ लावून उन्हात वाळवतात. मिठाने जंतू मरतात असे म्हणतात; तरीही मीठ कमी पडलेली एखादी खेप नासतेच. जंतू मिठाला सरावतात, तेव्हा त्यांची जनुके बदलतात काय?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : काही मिनिटांत येणाऱ्या या सरावात जनुके तीच राहतात, त्यांपैकी कोणती, केव्हा आणि किती वापरायची, एवढेच बदलते.

मीठ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेते. या बाबतीत सर्वाधिक अभ्यास झालेला ई. कोलाय हा जीवाणू अशा वेळी आधी पोटॅशियम आत घेतो आणि त्याच्या जोडीला ग्लुटामेट हे अमिनो आम्ल साठवतो. परंतु पोटॅशियमचा फार मोठा साठा पेशीतील प्रथिनांना मानवत नाही, म्हणून पुढे त्याची जागा ट्रेहॅलोज ही साखर किंवा बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये घेतात. बीटेन आत आणणाऱ्या प्रथिनांची जनुके खारट द्रावणात कित्येक पटींनी अधिक वाचली जातात, म्हणजे त्यांच्यावरून ती प्रथिने अधिक घडवली जातात. कोळंबीसारख्या समुद्री जीवांच्या मांसात बीटेन मुबलक असते, म्हणजे ज्या मांसाला आपण मीठ चोळतो त्यातच जीवाणूला मिठावरचा उतारा आयता मिळू शकतो.

याहून विलक्षण आहे ती सिग्मा-एस या प्रथिनाची व्यवस्था. जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला कोणत्या जनुकाशी सुरुवात करायची हे सिग्मा प्रथिने दाखवतात. पेशी जोमाने वाढत असताना सिग्मा-एस थोडे थोडे तयार होते आणि लगेच मोडलेही जाते. त्याचे अर्धे प्रमाण एक-दोन मिनिटांतच नाहीसे होते. वरवर ही उधळपट्टी वाटते, पण संकट येताच हे मोडणे थांबवले की प्रथिन झपाट्याने साठते आणि शेकडो जनुके एकदम कामाला लागतात. उपासमार, आम्ल, मीठ अशा निरनिराळ्या संकटांत हाच कारभारी पुढे येत असल्यामुळे, मध्यम खारटपणाला सरावलेला ई. कोलाय पुढे उष्णताही अधिक सोसतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे हात राखून लावलेले मीठ हे निव्वळ अपुरे मीठ नव्हे. ते जीवाणूला मारण्याऐवजी तयार करू शकते. पोट साफ करून आत आणि कल्ल्यांतही मीठ भरण्याची जुनी रीत म्हणूनच सोडू नये. अर्थात स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जीवाणू दहा टक्के मिठातही वाढतो, तेव्हा वाळवणही कडक हवे.

खारा बांगडा रांधण्यापूर्वी गोड्या पाण्यात भिजवला की उलटेच संकट येते : पाणी पेशीत घुसते आणि ती फुटण्याच्या बेतात येते. एवढ्या घाईत जनुके वाचून प्रथिने घडवायला सवड नसते. पेशीभोवतीच्या पटलात आधीपासून बसवलेली झडपेसारखी प्रथिने ताण जाणवताच क्षणार्धात उघडतात आणि साठवलेली द्रव्ये बाहेर सोडून देतात.