एनएटएन (n8n, कामं आपोआप करून घेण्याचं साधन) मधून गूगल शीटमध्ये ओळी जातात, पण तारीख, मोबाइल नंबर आणि बेरीज बिघडते. फॉरमॅटिंग नक्की कुठे करायचं?

तुमची अडचण अशी आहे: क्लासच्या फीची नोंद फॉर्मवरून एनएटएनमध्ये येते आणि तिथून शीटमध्ये ओळ पडते. शीट्स नोडमधला (नोड म्हणजे एनएटएनच्या वर्कफ्लोमधला, म्हणजे कामाच्या साखळीतला, एक टप्पा) 'सेल फॉरमॅट' पर्याय एका बाजूला ठेवला की रकमेची बेरीज शून्य येते. दुसऱ्या बाजूला ठेवला की +91 मधलं अधिक चिन्ह उडतं आणि तारखा उलटतात. शिवाय थकीत फीच्या ओळी आपोआप लाल व्हायला हव्यात.

दोन्ही वेळा नोड सांगितलेलं कामच करतोय. 'लेट एनएटएन फॉरमॅट' निवडलं की माहिती जशी आली तशीच सेलमध्ये बसते. फॉर्मवरून आलेली 4500 ही रक्कम बहुधा मजकूर म्हणून आलेली असते, आणि मजकुराची बेरीज होत नाही. 'लेट गूगल शीट्स फॉरमॅट' निवडलं की तुम्ही हाताने टाइप केल्यासारखा शीट त्याचा अर्थ लावतं. +91 ने सुरू होणारा नंबर मग साधी संख्या होतो आणि 0 ने सुरू होणाऱ्या नंबरातलं शून्य जातं.

मी दुसरा पर्याय ठेवायला सांगेन, पण आधी शीट तयार करून. वरच्या अक्षरावर क्लिक करून मोबाइलचा अख्खा कॉलम निवडा आणि फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट करा. हे ओळी येण्याआधीच झालं पाहिजे, कारण गेलेलं शून्य नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाही. नाव आणि शेरा या कॉलमांनाही प्लेन टेक्स्टच द्या. बाहेरच्या कोणी फॉर्ममध्ये = ने सुरू होणारं काही लिहिलं, तर ते एरवी तुमच्या शीटमध्ये सूत्र म्हणून चालेल.

तारखेची चूक सगळ्यात घातक, कारण ती अर्धीच दिसते. फाइलचं लोकेल (देशाप्रमाणे तारखा-आकडे वाचायची सेटिंग) अमेरिकेचं असेल तर 05/06/2025 ची 6 मे होते, पण 13/06/2025 मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून राहते. कॉलममधल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय असं समजा. उजवीकडच्या बरोबर वाटतात, पण बिघडलेल्या त्याच असतात. लोकेल नंतर भारत केलं तरी आधीच उलटलेल्या तारखा सुधारत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात. म्हणून तारीख एनएटएनमध्येच 2025-06-05 अशी, म्हणजे वर्ष-महिना-दिवस क्रमाने करून पाठवा. ही कुठल्याही लोकेलमध्ये एकच वाचली जाते. तिथे साचा लिहिताना महिन्यासाठी कॅपिटल एम दोनदा लागतो. स्मॉल एम म्हणजे मिनिटं, त्यामुळे महिन्याच्या जागी बहुतेक वेळा 00 येईल. ती दिसायला 05-06-2025 हवी असेल तर ते काम शीटमधल्या कॉलमच्या तारीख-फॉरमॅटवर सोडा.

रक्कम एडिट फील्ड्स नोडमध्ये नंबर प्रकारात बदलून घ्या, आणि आधी त्यातलं ₹ चिन्ह आणि स्वल्पविराम काढा. लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम हवे असतील तर कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये हे चिकटवा:

[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00

यात दोनच अटी बसतात, म्हणून ऋण रकमा तिसऱ्या भागात पडतात आणि मोठ्या असतील तर इंग्रजी पद्धतीनेच तुटतात. परतावा दाखवायचा असेल तर तो वेगळ्या कॉलमात धन ठेवा.

लाल रंगासाठी वर्कफ्लोला हात लावू नका. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंतची सगळी रेंज द्या आणि कस्टम सूत्र =$एफ2="थकीत" असं ठेवा (एफच्या जागी स्थितीच्या कॉलमचं इंग्रजी अक्षर). डॉलर फक्त अक्षराआधी. तो विसरलात तर पुढचा प्रत्येक सेल एकेक कॉलम सरकून पाहतो आणि अख्खी ओळ रंगत नाही. 'थकीत' नंतर एक मोकळी जागा आली तरी अट जुळत नाही, तेव्हा एनएटएनमध्येच ट्रिम करा, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढा.

सूत्रात न बसणारं फॉरमॅटिंग असेल तरच एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमधून शीट्स एपीआयचं (प्रोग्रॅममधून शीटला सूचना देण्याची सोय) बॅचअपडेट (batchUpdate, एका विनंतीत अनेक बदल) वापरा, त्यात रिपीटसेल (repeatCell, ठरावीक सेलना एकच फॉरमॅट देणारी सूचना). इथे ओळी शून्यापासून मोजतात आणि शेवटचा आकडा धरला जात नाही: दुसरी ओळ म्हणजे सुरुवात 1, शेवट 2. रंग 0 ते 255 नाही, 0 ते 1 मध्ये द्यायचा. शीटचं नाव चालत नाही, शीटच्या वेब पत्त्यात gid= नंतर येणारा आकडा लागतो. फील्ड्समध्ये (fields, म्हणजे काय बदलायचं त्याची यादी) फक्त पार्श्वभूमीचा रंग लिहा. संपूर्ण फॉरमॅट लिहिलात तर तुम्ही न दिलेलं सगळं, तारखेच्या फॉरमॅटसकट, पुसलं जातं. हा नोड प्रत्येक आयटमला, म्हणजे आलेल्या प्रत्येक नोंदीला, एकदा चालतो आणि लिहिण्याची मर्यादा एका वापरकर्त्याला मिनिटाला 60 विनंत्या आहे. त्यामुळे सगळ्या ओळींच्या सूचना एकाच विनंतीत गोळा करा आणि नोडच्या सेटिंग्जमध्ये 'एक्झिक्यूट वन्स' चालू ठेवा.