वाचकांचे प्रश्न : लॉर्ड सिंहा आपल्या रायपूरचे का?

प्रश्न : माझं माहेर रायपूरचं, सासर नागपूरचं. परवा घरी सगळे जमले होते तेव्हा भाऊजींनी सांगितलं की एक भारतीय माणूस इंग्रजांचा खराखुरा लॉर्ड होता, आणि त्याच्या किताबात रायपूर आहे. मामंजी म्हणाले म्हणजे आपल्याकडलाच, तेव्हा रायपूर नागपूरच्याच प्रांतात होतं ना! खरं आहे का हे? आणि त्याच्या पोरांचं पुढे काय झालं?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, मामंजींचं अर्धं बरोबर आहे, रायपूर तेव्हा मध्य प्रांतातच होतं आणि कारभार नागपुरातून चालायचा. पण किताबातलं रायपूर वेगळं, ते बंगालात बीरभूम जिल्ह्यातलं गाव आहे. तिथलं सिंहा जमीनदारांचं घराणं जुनं, शांतिनिकेतनची जागासुद्धा देवेंद्रनाथ ठाकुरांनी 1863 मध्ये याच घराण्याकडून घेतली.

या घरातले सत्येंद्र प्रसन्न सिंहा विलायतेला जाऊन लिंकन्स इन या लंडनमधल्या वकिलांच्या संस्थेतून 1886 मध्ये बॅरिस्टर झाले आणि कलकत्त्यात त्यांची वकिली अशी काही चालली की 1909 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात घ्यायची वेळ आली तेव्हा पगार कमी म्हणून ते आधी नको म्हणत होते, मग गोखले आणि जिना दोघांनी समजूत घातली. त्या मंडळातले ते पहिले भारतीय. 1915 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षही तेच. 1919 मध्ये त्यांना बॅरन केलं, म्हणजे लॉर्ड म्हणवणाऱ्यांतला एक दर्जा दिला, लंडनमधल्या भारत खात्याचे उपमंत्री केलं, आणि त्या वर्षीचा भारत सरकारचा कायदा हाऊस ऑफ लॉर्ड्समधून, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातून, पास करून घ्यायचं काम त्यांच्यावर आलं. म्हणजे भारतावर राज्य कसं करायचं हे ठरत होतं त्या सभागृहात सरकारच्या बाजूनं उभा राहून बोलणारा माणूस बंगाली होता, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

नागपूरकरांनी एक आठवावं, डिसेंबर 1920 मध्ये आपल्याकडे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकारावर शिक्कामोर्तब झालं, त्याच महिन्यात सिंहा बिहार-ओरिसाचे गव्हर्नर झाले. पाच वर्षांत काँग्रेस कुठून कुठे गेली बघा. त्यांना इंग्रजांचा माणूस म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. त्या काळी कायद्याच्या वाटेनं जितकं मिळेल तितकं मिळवायचं असं मानणारी मोठी पिढी होती आणि ती मनापासून मानत होती. तब्येत साथ देईना म्हणून वर्षाच्या आत त्यांनी ते पद सोडलं. 1928 मध्ये ते गेले.

आता पोरांचं. रावबहादूर वगैरे किताब माणसाबरोबर संपायचे, पण ही बॅरनकी वंशपरंपरेची, बापामागून थोरल्या मुलाकडे जाणारी. थोरले अरुणकुमार, त्यांनी हक्क सांगितला आणि इथे गाडं अडलं. आईवडलांचं लग्न 1880 मध्ये हिंदू पद्धतीनं झालेलं, आणि हिंदू पुरुषाला तेव्हा दुसरी बायको करता येत होती, मग असल्या लग्नातला मुलगा इंग्लिश कायद्यानं औरस धरायचा का असा मुद्दा निघाला. सिंहांनी दुसरं लग्न कधीच केलं नव्हतं तरी! ज्या सभागृहात वडील मंत्री म्हणून बोलले तिथेच मुलाला आईच्या लग्नाचे पुरावे द्यावे लागले, हे वाचताना मला आजही राग येतो. शेवटी 1939 मध्ये लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीनं निकाल अरुणकुमारांच्या बाजूनं दिला. कारण काय, तर नवराबायको दोघं ब्राह्म समाज या बंगालातल्या सुधारक पंथात गेले होते, तिथे एकच बायको असा नियम, आणि मुलाचा जन्म त्यानंतरचा, 1887 चा. म्हणजे वडील गेल्यावर अकरा वर्षांनी मुलगा कायद्यानं लॉर्ड झाला. देश स्वतंत्र झाला तरी किताब चालूच राहिला, 1967 मध्ये अरुणकुमार गेल्यावर त्यांच्या मुलाकडे, सुधींद्र प्रसन्नांकडे गेला आणि मग पुढच्या पिढीत.

प्रश्न : अशा घरात नुसत्या मुलीच असल्या तर? आणि हे लोक अजून तिकडच्या संसदेत बसतात का?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : बहुतेक बॅरनक्या फक्त मुलगे आणि मुलग्यांचे मुलगे यांनाच मिळतात. मुलगी कितीही हुशार असो, घरात पुरुष वारस उरला नाही की किताब संपला. काही जुन्या किताबांत, खास करून स्कॉटलंडच्या, मुलीला मिळतो, पण अशा बायकांनाही सभागृहात बसायला 1963 पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षीच्या कायद्यानं वारसानं आलेला किताब सोडून द्यायची सोय झाली. टोनी बेन या मजूर पक्षाच्या खासदारानं त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं, कारण वडील वारल्यावर किताब आपोआप अंगावर आला आणि लोकांनी निवडून दिलेली खासदारकी गेली. हे वडील म्हणजे विल्यम वेजवूड बेन, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री होते ते.

बसण्याचं म्हणाल तर 1999 च्या कायद्यानं वंशपरंपरेच्या जागा काढल्या, फक्त 92 तेवढ्या तडजोड म्हणून ठेवल्या, आणि त्याही काढायचं विधेयक सरकारनं 2024 मध्ये आणलं. किताब मात्र त्यानं जात नाही, नावापुढे लॉर्ड लावता येतं.