ह्यूस्टनला घर कुठे घ्यायचं, असं विचारलंत म्हणून

ह्यूस्टनची नोकरी मिळतेय, मुलगी दुसरीत आहे, चांगल्या शाळेजवळ घर हवंय आणि पुराची भीती कितपत, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा आणि कराची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती सोडते. एकटेपणाचं म्हणाल तर पहिली दिवाळी जड जाते, मग सवय होते.

शाळेबद्दल मात्र बोलायलाच हवं. आम्हीही शाळेचे गुण बघूनच घर घेतलं, दहापैकी नऊ. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं. काही भागांत मीटरभराहून जास्त पाऊस झाला आणि आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. पूरविमा होता, तरी कागदपत्रांनी जीव नकोसा केला. भिजलेल्या गालिच्याचा तुकडा कापून पिशवीत जपून ठेवा, फ्रिजवरचा नंबर कळवा, तेच फोटो तिसऱ्यांदा पाठवा. सात महिन्यांनी पैसे आले. पण आले.

माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी मैत्रीण कॅशमिअर गार्डन्समध्ये राहते. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. तिच्या गल्लीत पाणी वाहून न्यायला रस्त्याकडेचे उघडे चर आहेत, त्यांत गवत माजलेलं. घर आजीच्या नावावर, आजी जाऊन वीस वर्षं झालेली. मालकीचा कागद नाही म्हणून तिचा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज नामंजूर झाला. ती मला समजावून सांगायला लागली, पण मला ते लगेच कळलं. सांगलीच्या आमच्या घराची वारसनोंद अजून झालेली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांत घरं मृत्युपत्राविना अशीच पुढच्या पिढीकडे येतात. कागदांची ही अट २०२१ साली सैल झाली. तोवर तिच्या छपरावर निळी ताडपत्रीच होती.

हे एकट्या तिचं नशीब नव्हे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७९ साली इथल्या कचऱ्याच्या जागा शोधून काढल्या. महापालिकेच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाल्या. शहरात त्यांची लोकसंख्या होती साधारण चौथाई. हार्वेनंतर पूर रोखण्यासाठी आलेल्या निधीतले सुमारे १ अब्ज डॉलर टेक्सास राज्याने २०२१ साली वाटले, त्यात ह्यूस्टन शहराला पहिल्या यादीत शून्य. गावाच्या किंवा शहराच्या एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोकांना फायदा होईल यावर अर्जाला गुण होते, म्हणजे लहान गावांचं फावलं आणि मोठ्या शहरातली गरीब वस्ती मागे पडली. या पद्धतीने कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रहिवाशांशी भेदभाव झाला, असा निष्कर्ष केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०२२ साली काढला.

आणि मी? मुलीच्या शाळेने पूरग्रस्तांसाठी पैसे जमवले, तेव्हा वाटपाच्या टेबलावर मी बसले होते. सगळे पैसे आमच्याच वस्तीत वाटले गेले. मुलीने विचारलं, लॅबमधल्या मावशीला देणार ना? मी म्हटलं, त्यांची शाळा वेगळी आहे. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अजून विसरलेली नाही, आणि त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे आजही काही नाही.

तुम्ही घर बघायला याल तेव्हा मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी निघू. आधी आमच्या बाजूला, मग कॅशमिअर गार्डन्सला. गाडी मी काढते.