रविवारची दुसरी आंघोळ

प्रश्न : आमचा मुलगा साडेदहा वर्षांचा आहे. तिसरीनंतर शाळा सोडवून आम्ही त्याला घरीच शिकवतो. परदेशांत घरी शिकवणारी काही कुटुंबे मुलांना लहानपणापासून लॅटिन शिकवतात. त्याच धर्तीवर आम्ही संस्कृत घेतले. आतापर्यंत दोन अभ्यासक्रम झाले. पहिला रूपावल्या, म्हणजे शब्दांच्या विभक्तिरूपांचे तक्ते, पाठ करण्याचा होता, त्याला तो कंटाळला. दुसरा परीक्षांचा होता. त्यातली पहिली, बालबोध, झाली, पण पुढच्या परीक्षेला बसायला तो तयार नाही. आता संभाषणावर आधारलेला व्हिडिओंचा एक महागडा संच पाहून ठेवला आहे. सासऱ्यांना संस्कृतची फार आवड आहे आणि शाळा सोडवल्याचा त्यांचा राग या विषयामुळेच निवळला. पतींना दहावीला संस्कृतमध्ये ९८ गुण होते. मुलगा पूर्वी पाहुण्यांपुढे गीतेचा पंधरावा अध्याय न अडखळता म्हणायचा. हल्ली वही उघडली की त्याचे पोट दुखते, पेन्सिल सापडत नाही, आणि (हे वाचून तुम्हाला हसू येईल) रविवारी पाहुण्यांची बेल वाजली की पठ्ठ्या सकाळी आंघोळ झालेली असूनही पुन्हा आंघोळीला पळतो. पुण्यात वाढलेल्या मुलाला संस्कृत येऊ नये याचे वाईट वाटते. कोणता अभ्यासक्रम घ्यावा?
— एक आई, कोथरूड

उत्तर :

मला हसू आले नाही. त्या कंसापाशी थांबून मी तुमचे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले, तेव्हा लक्षात आले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलाने केव्हाच देऊन ठेवले आहे. ज्या वयाच्या मुलांना आंघोळीला पाठवताना आयांचा घसा कोरडा पडतो, त्या वयात हा मुलगा आपण होऊन, एकाच दिवशी दुसऱ्यांदा, आंघोळीला जातो. आतून कडी लावता येईल आणि बाहेरून कोणी हाक मारली तरी ओ देण्याची सक्ती नसेल, अशी जागा त्या घरात त्याला तेवढी एकच सापडलेली दिसते.

पोटदुखी आणि न सापडणारी पेन्सिल यांचे मी फारसे मनावर घेत नाही; ती गणिताच्या वेळीही होतात आणि घरी न शिकणाऱ्या मुलांनाही होतात. रविवारी मात्र वही उघडलेली नसते आणि पाठही चालू नसतो, तरीही तो पळतो. म्हणजे त्याला भीती वाटते ती कोचावर बसलेल्या काका-आत्यांसमोर हात जोडून उभे राहण्याची. पंधराव्या अध्यायात श्लोक वीसच आहेत, कित्येक घरांत तो जेवणापूर्वी म्हणतात, आणि तुमच्या मुलाला तो येतो हे तुम्हीच लिहिले आहे. मधल्या काळात तो थोडा मोठा झाला आणि आपल्याला हे कशासाठी म्हणायला लावतात ते त्याच्या ध्यानात आले, एवढाच काय तो बदल झालेला आहे.

ते कशासाठी, हेही तुमच्याच पत्रात आहे. शाळा सोडवल्याचा सासऱ्यांचा राग या विषयामुळे निवळला, असे तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. शाळा सोडवण्याचा निर्णय तुम्ही दोघांनी घेतला होता. त्याबद्दल घरच्यांनी जे विचारायचे ते तुम्हाला विचारायला हवे होते, आणि उत्तरेही तुम्हीच द्यायला हवी होती. त्याऐवजी दर रविवारी तुम्ही त्याला पुढे करता आणि शाळेविना त्याचे काही बिघडलेले नाही याचा पुरावा त्याच्याकडून सादर करवता. त्याने एक श्लोक चुकवला तर त्या खोलीत ती त्याची एकट्याची चूक राहत नाही, आईवडिलांचा निर्णयच चुकला असा तिचा अर्थ लागतो, आणि हे त्याला शब्दांत सांगता आले नाही तरी कळल्यावाचून राहत नाही.

तुमच्याविषयी येथे सहानुभूतीचे चार शब्द लिहिण्याची रीत आहे, पण ते माझ्या लेखणीतून उतरत नाहीत. सासऱ्यांवर ठपका ठेवण्याची सोय तुमच्या पत्रात आहे. मी तो ठेवणार नाही. नातवाच्या तोंडून गीता ऐकावी असे वाटणारे आजोबा पुण्यात पैशाला पासरी मिळतील आणि त्यांत वावगे काही नाही. मुलाने म्हटले नाही तर जुना राग पुन्हा वर येईल, ही धास्ती तुमची आहे आणि तुम्ही ती मुलाच्या गळ्यात बांधली आहे.

आता अभ्यासक्रमांविषयी. लॅटिनचा आराखडा जसाच्या तसा संस्कृतला लावताना एक साधा हिशेब राहून गेला असावा. लॅटिन नामाला वचने दोनच. संबोधन धरून सहा विभक्त्या मोजल्या तर रूपे बारा होतात. संस्कृतात द्विवचन आहे आणि संबोधनासह आठ विभक्त्या आहेत, म्हणजे एकेका नामाची चोवीस रूपे झाली. तिकडच्या वेगाने इकडच्या रूपावल्या पाठ करायला लावल्या तर मुलावर दुप्पट भार पडणारच. त्याहून मोठी अडचण निराळी आहे. ‘रामः रामौ रामाः’ हे वर्गाने मिळून म्हणायचे असते. पन्नास मुले एका सुरात म्हणत असतात तेव्हा ज्याला येते तो मोठ्याने म्हणतो, ज्याला अर्धवट येते तो शेजाऱ्याच्या मागून ओढत जातो, ज्याला येत नाही तो ओठ हलवतो, आणि दिवाळीपर्यंत तिघांनाही ते येऊ लागते. घरी शिकणाऱ्या मुलाला मागचा बाक नसतो. तेथे त्याचा एकट्याचा आवाज असतो, प्रत्येक विसर्ग ऐकू येतो आणि प्रत्येक चूक टिपली जाते. रूपावलीची पद्धत वाईट नाही, या शहरात तिच्यावर विद्वानांच्या पिढ्या तयार झाल्या. पण जेवणाच्या टेबलावर समोर आई आणि शेजारी आजोबा असताना ती झेपणे कठीण आहे.

परीक्षांच्या मार्गात बालबोधनंतर प्रारंभ, प्रवेश, परिचय आणि कोविद अशा पायऱ्या आहेत. ज्याला आपली प्रगती मोजून पाहण्याची हौस आहे त्याच्यासाठी त्या चांगल्या आहेत, परंतु तुमच्या घरात प्रत्येक प्रमाणपत्र म्हणजे पाहुण्यांना दाखवण्याचा आणखी एक कागद होईल. (बालबोधचे प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेले असल्यास ते काढून त्याच्या खणात ठेवा.) संभाषणाची पद्धत तिन्हींत मला सर्वांत आवडते. संस्कृत बोलायला शिकवणाऱ्या संस्कृत भारती या संस्थेची दहा दिवसांची, रोज दोन तासांची शिबिरे भरतात, आणि त्यांतली खरी गंमत अशी की सगळेच नवशिके असल्याने सगळेच चुकतात, हसतात आणि बोलत राहतात. तुम्ही पाहून ठेवलेल्या संचातून नेमकी हीच गोष्ट वगळलेली आहे. पडद्यासमोर तो पुन्हा एकटाच बसेल आणि खर्च केला आहे म्हणून तुम्ही बाजूला उभ्या राहाल.

यांतला कोणताही अभ्यासक्रम घेऊ नका. संस्कृत आजपासून बंद करा.

तुम्हाला घाई कशाची आहे, हे मला खरोखरच समजलेले नाही. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांत मुले संस्कृत आठवीत सुरू करतात, म्हणजे ज्या बरोबरीच्या मुलांच्या मागे तो पडेल असे तुम्हाला वाटते त्यांनी अजून पहिला धडाही उघडलेला नाही. पुढे मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करायची असेल तर तेथे पाच विषय लागतात आणि त्यांत एक किंवा दोन भाषा चालतात. संस्कृत घ्यावेच लागते असे नाही. राहिली गोष्ट पुण्यात वाढूनही संस्कृत न येण्याची. या शहरात १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर संस्था आहे. तेथे १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता, १९६६ साली पुरी झाली. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेले संस्कृत महाकोशाचे काम इतके खंड निघूनही अद्याप संपलेले नाही. पुण्यातले संस्कृत तुमच्या मुलाच्या भरवशावर उभे नाही, आणि ज्यांच्या भरवशावर उभे आहे त्यांना कसलीही घाई नाही. तुमच्या पतींच्या ९८ गुणांबद्दल आदर राखून विचारते, दहावीनंतर त्यांनी एखादे संस्कृत पुस्तक स्वतःच्या आवडीने उघडले आहे काय? तसे असते तर ते तुम्ही पत्रात अभिमानाने लिहिले असते.

तेव्हा येत्या रविवारी पाहुणे येण्याआधी मुलाला सांगून ठेवा की यापुढे तुला कोणी काही म्हणायला लावणार नाही, आणि बेल वाजली की हवे तर खाली खेळायला जा. त्याचा विश्वास लगेच बसणार नाही; पुढचे दोन-चार रविवारही तो पळेल, पळू द्या, आणि त्यावर थट्टा करू नका. तेरा वर्षांचा होईपर्यंत संस्कृतचे नाव घरात कोणी काढायचे नाही. त्याने मधेच स्वतः विचारले, तर शिबिरात नाव घाला आणि तेथे काय शिकलास हे घरी विचारू नका. तेराव्या वर्षीही त्याला नको वाटले तर विषय तेथेच संपला.

सासऱ्यांना हे सांगावे लागेल आणि ते पाहुण्यांसमोर न सांगता शनिवारी संध्याकाळी घरच्या घरी सांगावे. सुरुवात तुमच्या पतींनी करावी. तुमच्या एवढ्या पत्रात त्यांच्याविषयी दहावीच्या गुणांखेरीज एक अक्षर नाही, त्यावरून या घरात त्यांना अवघड बोलणे टाळायची सवय लागली असावी असे दिसते. वडील त्यांचे आहेत, निर्णय दोघांचा होता, आणि राग आलाच तर तो अंगावर घेण्याचे वय मुलाचे नसून त्यांचे आहे. शाळा का सोडवली आणि घरी तो काय काय शिकतो आहे हे पुन्हा पहिल्यापासून, न चिडता, सांगा. आजोबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, जे प्रश्न दोन वर्षांपूर्वी टाळले होते त्यांनाही. आणि बोलणे चालू असताना चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊ नका.